ऑडिशन पोरीची, ॲसिडिटी बापाची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. दोन उन्हाळ्यांमागे एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या कागदात, मी हमाली दोनदा वजा केली. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्या माणसानं काही न बोलता पट्टी परत माझ्यापुढं सरकवली आणि बोट ठेवलं. त्या दिवशी आमची थोरली आईबरोबर मुंबईला गेली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, म्हणजे एनएसडीची, पहिल्या फेरीची ऑडिशन होती. पोरगी तिथं नाटकातला उतारा म्हणत होती आणि इथं बापाची वजाबाकी चुकत होती.

पोरांनी तयारी कशी करायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्या चार-सहा महिन्यांत आईबापांनी स्वतःचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. दोन वर्षं हे सगळं करून, बरंचसं चुकवून जे हाती लागलं ते लिहितोय.

आमचं गाव नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं, ते पहिलं मराठी नाटक मानतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की आमची छाती फुगते. आणि याच गावात पोरीनं ‘नाटक शिकायला दिल्लीला जाते’ म्हटलं, तर पहिला प्रश्न आला, ‘मग बी.एड. कधी करणार?’ हा प्रश्न विचारणारे गृहस्थ संगीत नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून मान डोलवणारे. तेव्हा गावाकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाव टाळ्या वाजवायला असतं.

आधी आकडे बघा

एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तिथंच राहून करायचा. जागा तिसाच्या आसपास, आणि त्या अख्ख्या देशासाठी. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं, वयाची अट असते, हिंदी-इंग्रजी समजावं लागतं. पहिली फेरी वेगवेगळ्या शहरांत होते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात आणि अंतिम निवड तिथं होते. निवड झाली तर शिष्यवृत्ती मिळते. खाजगी संस्थांच्या लाखांच्या फीपुढं तिथला खर्च किरकोळ वाटतो, म्हणून तर झुंबड. तारखा आणि अटी दरवर्षी बघाव्या लागतात. मागच्या वर्षीच्या माहितीवर तिकीट काढू नका.

हे आकडे घरात सगळ्यांनी एकदा मोठ्यानं वाचावेत. मी वाचले नव्हते. माझ्या डोक्यात बारावीचा हिशेब होता, की मेहनत जास्त तर मार्क जास्त, मार्क जास्त तर प्रवेश. इथं तसं नसतं. निवडणाऱ्यांना तीस जणांचा एक वर्ग बांधायचा असतो. कुणी कसं वेगळं आहे, कोण शिकण्याजोगं आहे, हे ते त्यांच्या नजरेनं बघतात. आमच्या यार्डात सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून बघतो आणि पुढच्या ढिगाकडं जातो. मागं राहिलेला ढीग वाईट असतो असं नाही, त्याला त्या दिवशी तसला माल नको असतो. ही उपमा मी घरी दिली तेव्हा पोरगी म्हणाली, ‘बाबा, मी हळद नाही.’ बरोबर आहे. उपमा तुमच्यापुरती ठेवा, झोप लागायला उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, एकाच दारावर सगळा भार टाकू नका. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, १९८७ पासून. सतीश आळेकर तिथं बरीच वर्षं प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिन्याच्या आवारात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. गोव्यात कला अकादमी आहे. भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे. एनएसडीचीच एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची केंद्रं बेंगळुरू, वाराणसी, गंगटोक आणि आगरताळ्याला आहेत. कॅमेऱ्यापुढं काम करायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे, पण तिथली लेखी परीक्षा आणि तिथला अभिनय या दोन्हींची चव वेगळी. पहिल्या वर्षी आम्ही एकच फॉर्म भरला. त्यामुळं त्या एका सकाळीवर घराचं छप्पर टेकलं होतं. दुसऱ्या वर्षी चार भरले. पोरीचा ताण किती कमी झाला ते तिला ठाऊक, माझा निम्म्यावर आला.

फाइल तुमची

आईबापांचा ताण म्हणजे बऱ्याच अंशी मोकळे हात. हातांना काम द्या. सहा नाटकांचे पुरावे गोळा करणं हे असं काम आहे की ते पोरांकडून होत नाही.

पोरं नाटक करतात आणि कागद हरवतात. आमच्या लेकीनं कॉलेजात युवा महोत्सवात एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर दोनदा काम केलं, बालनाट्यं केली ती वेगळीच. पुरावा म्हणून घरात सापडलं काय, तर एक प्रमाणपत्र, त्यावर आडनाव चुकलेलं, आणि एक फोटो, त्यात ती झाडाच्या वेषात. मग मी स्कूटरवरून पंधरा दिवस हिंडलो. एका संस्थेचे सचिव निवर्तले होते, दुसऱ्या संस्थेचा शिक्का कुणाच्या घरी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा पोरगं नाटकात काम करायला लागलं की त्याच दिवसापासून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, पेपरातलं कात्रण आणि संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळी घेऊन ठेवा. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, भूमिका, तारीख, ठिकाण, सही, शिक्का. पदवीच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही बघा. आमचं नव्हतं.

याच फाइलीत खर्चाचा एक कागद लावा. आम्ही दोघं नवरा-बायको रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडायचो ते नाटकावरून नव्हे, पैशांवरून. किती वर्षं, किती रुपये, हे एकदा लिहिलं आणि भांडण संपलं. आमचं ठरलं ते असं की सलग दोन वर्षं प्रयत्न, त्या काळात तिनं शिकवण्या घेऊन स्वतःचा प्रवास भागवायचा, बाकीचं आम्ही. हे तिच्यासमोर ठरवलं, मागं नाही.

आणि या कागदावर एक रक्कम अशी आहे की ती बघितली की अजून तोंड कडू होतं. बारा हजार. ‘शंभर टक्के सिलेक्शन’ म्हणणाऱ्या एका शिकवणीला दिलेले. तिथं तीस पोरांना एकच उतारा, एकाच चालीत, एकाच जागी रडून म्हणायला शिकवत होते. नाटकात गॅरंटी हा शब्द आला की चप्पल पायात घालायची आणि बाहेर पडायचं. एखादं शिबिर खरोखर बरं असतं, पण आधी एक दिवस नुसतं बसून बघू देतात का ते विचारा.

प्रॉम्प्टरसारखं बसा

तरुणपणी मीही हौशी नाटकात होतो. अभिनय येत नव्हता, म्हणून तीन वर्षं विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग केलं. त्या कामाचे नियम कडक असतात. नट थांबला म्हणजे विसरला असं नव्हे, तो विराम घेत असेल. त्यानं नजर टाकली तरच पहिला शब्द द्यायचा, तोही एकच. वाक्य पुरं करायचं नाही. आणि आपल्याला ते वाक्य कितीही छान म्हणता येत असलं तरी म्हणायचं नाही.

हे सगळं ठाऊक असून घरी मी उलट वागलो. पोरगी हिंदी उतारा म्हणायला लागली की मी मध्येच म्हणायचो, ‘इथं जरा आवाज चढव.’ तिची आई म्हणायची, ‘हात किती हलवतीस.’ धाकटा मोबाईलवर रेकॉर्ड करून लगेच दाखवायचा. आठ दिवसांत तिनं गच्चीचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठं मला विंग आठवली.

मग ठरलं ते असं. तिनं बोलावलं तर बसायचं. वही हातात, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ती संपवेपर्यंत तोंड बंद. संपल्यावर ‘छान’ नाही आणि ‘पण’ही नाही. तिनं विचारलं, ‘काय ऐकू आलं?’, तर जे ऐकू आलं तेवढंच सांगायचं. ‘शेवटचे दोन शब्द मला मागं बसून कळले नाहीत’, हे चालतं. ‘तू घाबरलेली वाटलीस’, हे चालत नाही. ते तिच्या शिक्षकांचं काम.

एका बाबतीत मात्र घरच्यांचा खरा उपयोग होतो, तो म्हणजे हिंदी. मराठी पोरांचा ‘है’ बऱ्याचदा ‘हय’ होतो आणि ‘औरत’ची ‘अवरत’ होते. हिंदी ‘चाय’मधला ‘च’ आणि आपल्या ‘चमचा’तला ‘च’ एक नव्हे. ‘ज़रा’चा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा तो ठिपका, तर आपल्याला दिसतच नाही. आमच्या यार्डात उत्तर प्रदेशातले दोन ट्रक ड्रायव्हर नेहमीचे. त्यातल्या एकाला मी उतारा मोठ्यानं वाचायला लावला आणि तो आवाज लेकीला ऐकवला. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, ‘बाबूजी, इस बेचारी का आख़िर में हुआ क्या?’ दोन वर्षांत तो उतारा खऱ्या अर्थानं ऐकलेला तो एकटाच माणूस असावा. बाकी आम्ही सगळे तपासत होतो.

रविवारी साडेसहा ते सात

घरात ऑडिशन हा विषय कधीही निघायचा. जेवताना, दात घासताना, गॅस सिलिंडर आल्यावर. ‘फॉर्मचं काय झालं’ हे वाक्य मी एका दिवसात अकरा वेळा म्हणालो, असं धाकट्यानं मोजून सांगितलं. मग बायकोनं नियम काढला. तारखा, पैसे, तिकिटं, कागद, भीती, जे काय असेल ते रविवारी संध्याकाळी साडेसहा ते सात. एरवी कुणी विषय काढायचा नाही, फक्त पोरगी काढू शकते. मधल्या दिवशी काही सुचलं तर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचं. पहिल्या रविवारी माझ्या सतरा गोष्टी लिहिलेल्या होत्या. वाचायला घेतल्या तर बारा आपोआप निकाली निघाल्या होत्या.

तरी जीवाची तगमग कुठंतरी जातेच. माझी पोटात गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रात्री मोबाईल बंद करायला सांगितलं, कारण रात्री दोन वाजता मी संस्थेचं संकेतस्थळ उघडून बघायचो. सरकारी निकाल रात्री दोनला लावायला कोण बसलंय? दिवसातून एकदा, दुपारी जेवणानंतर बघा, पुरे. रोज पहाटे कृष्णेकाठी आयर्विन पुलापर्यंत चालत जायला लागलो. बरोबर एक शेजारी असतात, त्यांचा मुलगा सीए करतोय. आम्ही दोघं दोन वेगळ्या परीक्षांबद्दल एकच वाक्य बोलतो.

पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझ्यात काहीच नाही’ असं दिवसेंदिवस म्हणत असेल, तर मात्र चालणं आणि नियम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं न्या. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या नंबरवर आहे. आईबापांनीही फोन केला तरी चालतो.

नातेवाइकांचं थोडक्यात. एकच वाक्य ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. आमचं होतं, ‘कळलं की आम्हीच फोन करू.’ आजीला मात्र खरं सांगा, तिच्यापासून काही लपत नाही. आणि मनोज वाजपेयींनाही एनएसडीनं पुन्हा पुन्हा नाकारलं होतं, हे तुम्हाला किमान सहा जण ऐकवतील. खरं आहे ते. पण नकाराच्या दुसऱ्या दिवशी वीस-बावीस वर्षांच्या पोरीला ते ऐकवू नका. तिला त्या दिवशी मनोज वाजपेयी व्हायचं नसतं, नुसतं झोपायचं असतं.

दिल्ली

दुसऱ्या वर्षी पहिली फेरी निघाली आणि दिल्लीचं बोलावणं आलं. मिरजेहून गोवा एक्सप्रेस, दोन रात्री, निजामुद्दीन. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग. ऑडिशनला जाताना नवीन काही खाऊ घालू नका, नवीन चप्पल नको, नवीन कुर्ता नको. अंगाला सवयीचे, लोळता येईल, पळता येईल असे कपडे दोन जोड जास्त द्या. तिथं नुसता उतारा नसतो, शरीर हलवावं लागतं, गटात काम करावं लागतं, घाम येतो. दिल्लीचा जुलै म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळल्यासारखं. ओआरएसची पाकिटं द्या.

मंडी हाउस मेट्रो स्टेशनला उतरलं की आजूबाजूला सगळं नाटकच. कमानी, श्रीराम सेंटर, त्रिवेणी, रवींद्र भवन. भगवानदास रोडवर बहावलपूर हाउस, तेच एनएसडी. मी त्या फाटकासमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, इब्राहिम अल्काझी, रोहिणी हट्टंगडी, ओम पुरी, आणि आता आमची! बापाच्या मनात असले विचार येतात, त्याला इलाज नाही. ते तोंडावर दिसू देऊ नका. माझ्या दिसले.

माझा बेत कार्यशाळा संपेपर्यंत थांबायचा होता. दिवसभर फाटकाबाहेर चहावाल्याजवळ बसायचो. तिथं दुसरेही आईबाप होते, एक पाटण्याचे, एक इंफाळचे. तासाभरात आम्ही एकमेकांच्या पोरांची तुलना करायला लागलो. ‘आपकी बेटी गाती भी है?’ या प्रश्नावर मी ‘हां, गाती है’ म्हणालो. ती गात नाही. संध्याकाळी ती बाहेर आली की मी चेहरा वाचायचो, मग ‘काय काय झालं?’, मग ‘सर काही म्हणाले का?’

दुसऱ्या रात्री ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आता घरी जावा.’

मी म्हणालो, ‘का? मी काय त्रास देतोय?’

‘त्रास नाही. पण तुम्ही बाहेर उन्हात बसलाय हे मला आत सारखं आठवतं. काहीतरी घेऊन बाहेर यायला पाहिजे असं वाटतं.’

तिच्याबरोबर राहायला नाशिककडची एक मुलगी होती, राहायची जागा आम्ही आधीच पक्की करून ठेवली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. दिल्लीत मुलगी एकटी, ही भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यावर उपाय म्हणजे पत्ता, मालकिणीचा नंबर, रात्री परत यायचा रस्ता आणि सोबतीण. बाप फाटकाबाहेर बसणं हा उपाय नव्हे. तिसऱ्या दिवशी मी परत निघालो. भोपाळपर्यंत वाईट वाटलं, भुसावळला बरं वाटलं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की सोडायला जा, खोली बघा, एकत्र जेवा आणि दुसऱ्या दिवशीची परतीची तिकिटं आधीच काढून ठेवा. तिथं गेल्यावर पाय निघत नाही. फोन रात्री एकच, तोही तिनं करायचा. फोनवर ‘कसं झालं?’ऐवजी ‘जेवलीस का?’ विचारा. बाकीचं सांगावंसं वाटलं तर ती सांगते.

यादी लागते त्या दिवशी

निकाल तिनं स्वतः बघायचा, हे आधी ठरवून ठेवा. मी आधी बघितला. दुकानात, हळदीच्या पोत्यांआड उभं राहून. यादी तीनदा वाचली, मग खालून वर वाचली. घरी जाईपर्यंत तोंड नीट करायला वेळ मिळेल म्हणून लांबच्या रस्त्यानं गेलो. दारात तिनं मला बघितलं आणि म्हणाली, ‘कळलं.’ तो क्षण तिचा होता, तो मी आधीच वापरून टाकला होता. याची चुटपुट आहे.

त्या संध्याकाळी आम्ही काही बोललो नाही. बायकोनं वरण-भात केला. आजीनं तिच्या केसांना तेल लावलं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी लग्नाची गोष्ट सांगत बसली. आठ दिवस ‘पुढं काय’ हा शब्द घरात बंद ठेवला, फक्त पुण्याची तारीख तेवढी सांगितली, कारण ती जवळ आली होती. जायचं की नाही ते तिच्यावर सोडलं. ती गेली. एकटीच, सकाळच्या एसटीनं, धपाटेही न घेता. लेखी झालं, प्रात्यक्षिक झालं, नाव लागलं. ते तिनं स्वतः बघितलं आणि मला फोन केला तेव्हा मी पट्टी लिहीत होतो.

आता ती ललित कला केंद्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दिल्लीचा फॉर्म भरायचा की नाही, हे अजून तिचं ठरलेलं नाही. रविवारी साडेसहाला ती कधी फोन करते, कधी नाही. दोन वर्षांचा आमचा करार संपलाय, म्हणून खर्चाचा तो कागद मी फाइलीतून काढला. नाटकाच्या पत्रिका मात्र ती अजून पाठवते. सहाच्या अकरा झाल्यात, रबर बँड पुरत नाही. परवा नाडी बांधली.